सांधा कुठे पाडायचा?

जुन्या लेन्सचा विषय निघाला की दोन तयार उत्तरे ऐकू येतात. एक ‘जुने ते सोने’ पंथाचे: त्या काळच्या काचेत जीव होता, आजच्या लेन्स संगणकाने काढलेल्या आणि निर्जीव. दुसरे व्यवहारी माणसाचे: हे सगळे हौशी लोकांचे खूळ आहे, जिला आपोआप फोकस करता येत नाही, जिचे कोपरे धूसर येतात, ती लेन्स मध्ये अ‍ॅडॅप्टरचे कडे घालून नव्या कॅमेऱ्यावर चढवण्यात काय हशील? ही उत्तरे परस्परविरुद्ध वाटतात, पण दोघांची चूक एकच आहे. दोघेही लेन्सकडे टक लावून बसले आहेत. लेन्स आणि कॅमेरा जिथे एकमेकांना भेटतात त्या जागेकडे, म्हणजे सांध्याकडे, कुणाचे लक्ष नाही.

माझे म्हणणे असे. यंत्राचे भाग कुठे सुटावेत हे त्या भागांच्या आयुष्यावरून ठरले पाहिजे. जे लवकर जुने होते ते अलग काढता यावे, जे टिकते त्याला त्यापायी धक्का लागू नये. कॅमेऱ्याचा सांधा या नियमाने पडला असेल तर साठ-सत्तर वर्षांपूर्वीची लेन्सही त्यावर नांदते. तो कारखान्याच्या सोयीने पडला असेल, तर दहा वर्षांपूर्वीची उत्तम लेन्सही अडगळीत जाते. ‘लेन्सचा आत्मा’ वगैरे भाषेने ही साधी गोष्ट झाकली गेली आहे.

१. काच सावकाश म्हातारी होते

नांगराचा फाळ नांगरापासून वेगळा असतो, कारण तो जमिनीत घासून झिजतो आणि लाकूड त्या वेगाने झिजत नाही. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव वेगळी चढवतात तेही याच कारणाने. हे शहाणपण शिकवायला सुताराला आणि लोहाराला कुणी लागले नाही.

लेन्स म्हणजे घासलेली काच, पितळेची वा अ‍ॅल्युमिनियमची नळी, फोकसचा पेच आणि छिद्र लहानमोठे करणारी पाती. यातले काही बिघडले तर बहुधा दुरुस्त होते. वाळलेले ग्रीस काढून नवे भरता येते, पात्यांवर चढलेले तेल पुसता येते. प्रकाश १९५४ साली ज्या नियमांनी वाकत होता त्याच नियमांनी आजही वाकतो. त्या वर्षी लायकाने एम३ कॅमेऱ्याबरोबर आणलेला माउंट, म्हणजे लेन्सची बैठक, आजच्या एम कॅमेऱ्यावरही तोच आहे. त्याआधीच्या, १९३० च्या दशकातल्या, आट्यांच्या लेन्सही एक मिलिमीटर जाडीचे कडे लावले की त्यावर बसतात.

सेन्सरचे गणित वेगळे. पंधरा वर्षांपूर्वीचा सेन्सर संध्याकाळच्या उजेडात जे देई आणि आजचा जे देतो, त्यात फार अंतर आहे. फिल्मच्या काळात हा प्रश्न आपोआप सुटलेला होता. छत्तीस फोटो झाले की ‘सेन्सर’ काढून नवा घालायचा. बाजारात चांगली फिल्म आली की आजोबांचा कॅमेराही त्याच दिवशी सुधारायचा. डिजिटलने हा सांधा बुजवला. सेन्सर कॅमेऱ्याच्या पोटात कायमचा बसला. फाळ नांगराला झाळून टाकावा तसे झाले. मग उरला एकच सांधा, लेन्सच्या बैठकीचा. म्हणून आज त्याचे महत्त्व पूर्वीपेक्षा जास्त आहे.

२. रिकोहचा उलटा नांगर

बुजलेला सांधा पुन्हा उघडण्याचा एक धीट प्रयत्न रिकोहने नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर केला. जीएक्सआर हा तो छोटेखानी कॅमेरा. त्याच्या मुख्य अंगात पडदा, बॅटरी, कार्ड, फ्लॅश आणि बटणे. बाकीचे सारे, म्हणजे लेन्स, सेन्सर आणि चित्रावर प्रक्रिया करणारी चिप, एका बंद डब्यात. डबा बाजूने सरकवायचा, दुसरा बसवायचा, झाला कॅमेरा वेगळा. अशा तऱ्हेचा खेळ मिनोल्टाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डिमाज ईएक्समध्ये खेळून पाहिला होता. रिकोहचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड होता: प्रत्येक लेन्सला तिच्या मापाचा सेन्सर मिळेल, आत धूळ जाणार नाही, जुळणी कारखान्यातच अचूक होईल.

आता याला आयुष्याची कसोटी लावा. सगळ्यांत सावकाश म्हातारी होणारी लेन्स आणि सगळ्यांत लवकर म्हातारा होणारा सेन्सर यांना एकाच डब्यात सीलबंद केले. आणि टिकवून काय ठेवायचे, तर पडदा आणि बॅटरी! सेन्सर मागे पडला की चांगली मॅक्रो लेन्सही त्याच्याबरोबर सती जाणार. कागदावर ही रचना सुटी होती, पण तिच्यातले जे सुटे व्हायला हवे होते तेच नेमके घट्ट बांधलेले होते.

रिकोहने ही चूक स्वतःच दुरुस्त केली, आणि तो या कथेतला सर्वांत चांगला भाग आहे. २०११ साली ए१२ माउंट नावाचा डबा आला, ज्यात लेन्सच नव्हती. आत एपीएस-सी आकाराचा, १२.३ मेगापिक्सेलचा सेन्सर, त्याच्यापुढे शटर, आणि समोर लायका एम माउंटचे रिकामे तोंड. बारीक तपशील किंचित मऊ करणारा लो-पास फिल्टर मुद्दाम वगळलेला. सेन्सरवरची सूक्ष्म भिंगे तिरप्या येणाऱ्या किरणांचा विचार करून बसवलेली. कोपऱ्यातला अंधार आणि रंगाची झाक सुधारण्याची सोयही दिलेली. शिवाय सोबत एक मापक मिळे: जिचा मागचा भाग फार खोल शिरतो अशी लेन्स आतल्या यंत्रणेवर आदळेल का, हे लावण्याआधी तपासायला. मला त्या मापकाचे विशेष कौतुक वाटते. आपण न बनवलेल्या, कधी न पाहिलेल्या लेन्ससाठी दार उघडताना कंपनीने पाहुण्याची उंची मोजायची पट्टीही दारातच ठेवली.

जीएक्सआरसाठी एकूण पाच बंद डबे निघाले आणि हा एक उघडा. शेवटचा बंद डबा २०१२ मध्ये आला, त्यानंतर ही जात संपली. पाच बंद डब्यांतल्या लेन्स आज त्यांच्या सेन्सरच्या कैदेत आहेत. उघड्या डब्यावर बसलेली प्रत्येक लेन्स तिथून उतरून दुसऱ्या कॅमेऱ्यावर गेली आहे किंवा जाऊ शकते.

३. मिलिमीटरांचा हिशेब

लेन्सच्या बैठकीपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतच्या अंतराला फ्लँज अंतर म्हणतात. जुन्या लेन्सचे सगळे भवितव्य या एका आकड्यात असते. निकॉन एफ ४६.५ मिमी, एम४२ आट्यांचा माउंट ४५.४६, मिनोल्टाचा जुना माउंट ४३.५, कॅनन एफडी ४२, लायका एम २७.८. एसएलआर कॅमेऱ्यांची अंतरे मोठी, कारण मध्ये आरसा हलायला जागा लागे. आरसा गेल्यावर मायक्रो फोर थर्ड्सचे अंतर १९.२५ मिमीवर आले, सोनी ई माउंटचे १८ वर, निकॉन झेडचे १६ वर.

मोठ्या अंतराची लेन्स छोट्या अंतराच्या कॅमेऱ्यावर चालते. मधली फट पोकळ कड्याने भरायची. उलटे जमत नाही. भर घालता येते, पण जिथे मुळात जागा नाही तिथून काढणार काय?

कॅनन एफडीची कहाणी याचा उत्तम दाखला आहे. १९८७ मध्ये कॅननने ईएफ माउंट आणला, त्याचे अंतर ४४ मिमी. एफडी लेन्स ४२ ची. मध्ये सुधारक भिंग घातल्याखेरीज नव्या कॅमेऱ्यावर तिला दूरचे डोंगर स्पष्ट दिसेनात. दोन मिलिमीटर, एवढीच अडचण! तेवढ्यापायी उत्तम काचेची एक पिढी वीसेक वर्षे कपाटात पडली. २००८ मध्ये मायक्रो फोर थर्ड्स आले आणि त्याच लेन्स पुन्हा बाहेर निघाल्या. या वीस वर्षांत काचेत काहीच बदलले नव्हते. जिला आपण लेन्सचे ‘पुनरुज्जीवन’ म्हणतो ती खरे तर कॅमेऱ्याने दिलेली वाट होती.

कडे पोकळ असते म्हणून ते निरुपद्रवी असते, असे समजू नका. समजा अ‍ॅडॅप्टर ०.०५ मिमी जास्त जाड निघाला. केसाच्या जाडीइतकाच फरक. ५० मिमीची लेन्स मग सुमारे ५० मीटरच्या पलीकडे फोकसच करू शकणार नाही. २१ मिमीची तर नऊ मीटरच्या आतच अडेल. (नाभीय अंतराचा वर्ग भागिले जाडीतली चूक, इतके सोपे गणित आहे.) म्हणून बरेच कारागीर कडे मुद्दाम किंचित पातळ ठेवतात. अनंत तर मिळते, पण लेन्सवर कोरलेले अंतराचे आकडे खोटे पडतात. रस्त्यावर अंदाजाने अंतर लावून झटकन फोटो काढणाऱ्याला, म्हणजे ज्याला जुनी वाइड लेन्स सर्वांत उपयोगी, त्यालाच हा खोटेपणा सर्वांत जास्त नडतो. अडीच हजारांच्या लेन्ससाठी दोनशेचे कडे घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

४. हा स्वभाव नक्की कुणाचा?

आता त्या ‘आत्म्या’कडे येऊ. हेलिओस-४४ ही ५८ मिमी, एफ/२ ची सोव्हिएत लेन्स घ्या. तिची रचना येनाच्या झाइसच्या बिओटारवरून घेतलेली. मागची पाने गरगर फिरल्यासारखी दिसतात म्हणून ती आज प्रसिद्ध आहे. हे फिरणे कशामुळे? चौकटीच्या कडेकडे जाताना नळीची धार प्रकाशाचा गोल कापत जाते, त्याचे बदाम होतात, आणि दृष्टिवैषम्याने ते बदाम केंद्राभोवती रांग धरतात. म्हणजे ज्याला स्वभाव म्हणतात तो मुख्यतः कडेला राहतो. एपीएस-सी सेन्सर चौकटीचा मधला भाग घेतो, ५८ मिमीचा दृश्यकोन ८७ मिमीसारखा होतो, आणि कड कापली जाते. मायक्रो फोर थर्ड्सवर तर ती आणखी कापली जाते. आत्मा विकत घेतला आणि सेन्सरने तो चौकटीबाहेर ठेवला.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. फिल्मसमोर काच नसे. सेन्सरसमोर असते: अवरक्त किरण अडवणारा थर, वरचे संरक्षण. लायकाच्या एम कॅमेऱ्यांत हा थर एक मिमीच्या आत आहे, मायक्रो फोर थर्ड्समध्ये सुमारे ४ मिमी. जुनी वाइड लेन्स फिल्मच्या जवळ बसून किरण तिरपे फेकते. ते जाड काचेतून गेले की कोपरे विस्कटतात. लेन्स बनवणाऱ्याच्या हिशेबात ही काच नव्हतीच. तीच लेन्स एका कॅमेऱ्यावर ‘कोपऱ्यापर्यंत धारदार’ आणि दुसऱ्यावर ‘भिकार’ ठरते ती यामुळे. मग तिचा स्वभाव कोणता म्हणायचा?

आणि पातळ काचही फुकट मिळत नाही. २००६ मध्ये लायकाने एम८ मध्ये तिरप्या किरणांसाठी सेन्सरवरचा थर पातळ ठेवला, तर अवरक्त किरण आत शिरले आणि काळे कृत्रिम कापड जांभळट दिसू लागले. कंपनीला ग्राहकांना लेन्सवर लावायचे फिल्टर वाटावे लागले. जुन्या लेन्सशी प्रामाणिक राहायचे तर नव्या सेन्सरला काहीतरी सोसावे लागते, हे त्या जांभळ्या कोटांनी दाखवून दिले. ए१२ माउंट मला मोलाचा वाटतो तो इथेही: पाहुणा तिरपा बसणार हे गृहीत धरून त्यात सेन्सर घातला होता.

५. नव्या डोळ्याला जुनी लेन्स जास्त कळते

इथे ‘जुने ते सोने’वाल्यांना एक गोष्ट पचायला जड जाईल. काही जुन्या लेन्सना त्यांच्या मूळ कॅमेऱ्यांनी कधी नीट न्याय दिलाच नाही.

सोनार पद्धतीच्या वेगवान लेन्सचे उदाहरण घ्या. गोलीय विपथनामुळे छिद्र बंद करत गेले की त्यांचा फोकस सरकतो. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात छायाचित्रकार लेन्समधून पाहतच नाही. त्याला दोन प्रतिमा जुळलेल्या दिसतात, आणि चित्र मात्र नाकाऐवजी कानावर धारदार येते. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस पूर्ण उघड्या छिद्रावर होतो, चित्र बंद छिद्रावर. पुन्हा तीच गफलत. सेन्सरवरून थेट पाहताना हवे ते छिद्र लावूनच फोकस करता येतो, हवी ती जागा मोठी करून. छिद्र बंद केले की दृश्य काळोखे होण्याची जुनी कटकटही गेली, कारण पडदा उजेड वाढवून दाखवतो. थोरियम मिसळलेल्या काचेच्या काही टाकुमार ५० मिमी एफ/१.४ लेन्स कालांतराने पिवळ्या पडतात. रंगीत फिल्मवर ती डोकेदुखी होती, डिजिटलवर व्हाइट बॅलन्सचा एक आकडा आहे.

यात एक फसवी सोयही आहे. धार असलेल्या कडा रंगाने उजळवणारे फोकस पीकिंग फोकस मोजत नाही, ते कडांचा कॉन्ट्रास्ट मोजते. एफ/१.४ वर सगळा चेहरा चमचमतो आणि डोळा तरीही निसटतो. पीकिंगवर विसंबू नये, चित्र मोठे करून पाहावे.

६. आक्षेप, आणि त्यांतले खरे किती

पहिला आक्षेप वेगाचा. पळणारे मूल, लग्नातली वरमाला, क्रिकेट: इथे हाताने फोकस करणारा हरतो. मान्य. त्यासाठी त्या कॅमेऱ्याची स्वतःची लेन्स घ्यावी. सगळ्या कामांना एकच लेन्स पुरावी असा माझा दावा नाही.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा: आजच्या लेन्स मोजमापाने सरस आहेत. बहुतेक ठिकाणी खरे. पण त्यांतल्या अनेकींचे फोकसचे कडे नुसते विजेचे बटण असते. ते फिरवले की मोटर फिरते. कॅमेऱ्याने वीज दिली नाही, दोघांची सांकेतिक भाषा जुळली नाही, तर ती लेन्स आंधळी. निकॉनने झेड मालिकेसाठी स्वतःच काढलेल्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवरही निकॉनच्याच एएफ-डी लेन्स आपोआप फोकस करत नाहीत. आजची लेन्स जास्त चांगले पाहते, पण तिचे आयुष्य एका कंपनीच्या मर्जीशी बांधलेले आहे. खरेदीच्या दिवशीची धार आणि पन्नास वर्षांची उपयुक्तता या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, आणि दुसरीवर यांतल्या बहुतेक नापास होतील असे मला वाटते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: सुट्या भागांचा कॅमेरा बाजारात टिकला नाही, मग सिद्धांत कशाला सांगता? टिकला नाही तो उलट्या सांध्याचा कॅमेरा. सरळ सांध्याचा अजून जिवंत आहे. १९५७ च्या हॅसेलब्लाड ५००सी मध्ये लेन्स, पेटी, दृश्यदर्शक आणि फिल्मची डबी, सगळे वेगवेगळे सुटे. २०१९ मध्ये हॅसेलब्लाडने सीएफव्ही टू ५०सी ही सेन्सरची डबी जाहीर केली. ती त्या जुन्या पेट्यांच्या पाठीवर बसते, आणि ९०७एक्स या चपट्या छोट्या अंगाला लावली की एक आटोपशीर कॅमेरा होतो, ज्यावर जुन्या लेन्सही अ‍ॅडॅप्टरने चढतात. लवकर जुना होणारा भाग काढता येतो, बाकीचे राहते. दोष इथेही आहेतच. सेन्सर सुमारे ४४ बाय ३३ मिमी, फिल्मची चौकट साधारण ५६ बाय ५६. म्हणजे जुन्या लेन्सने टाकलेल्या प्रतिमेचा मोठा भाग वाया. ९०७एक्सला स्वतःचे यांत्रिक शटर नाही, त्यामुळे जुन्या लेन्सबरोबर इलेक्ट्रॉनिक शटर वापरावे लागते आणि चालती मोटार तिरपी येते. किंमत तर सामान्य माणसाच्या बोलण्यातही येऊ नये अशी. तरीही २०२४ मध्ये त्याच पाठीवर बसणारी १०० मेगापिक्सेलची नवी डबी आली, आणि १९५७ च्या पेटीला पुन्हा एकदा नवा डोळा मिळाला, असे म्हणायला हरकत नाही.

चौथा आक्षेप माझाच आहे. जुन्या लेन्सच्या नादात आता भाव इतके चढले आहेत की ‘स्वस्तात मस्त’ हे कारण बऱ्याच नावांपुरते संपले. केवळ पैसे वाचवायला या वाटेने येऊ नये.

७. घरातल्या कपाटाबद्दल

मुंबईच्या, कोकणाच्या, गोव्याच्या हवेत लेन्सचा खरा शत्रू वेगळाच आहे. काच सावकाश म्हातारी होते, पण चार पावसाळे चामड्याच्या बंद पिशवीत काढले की तिच्यावर बुरशी धरते; कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसू लागतात. सुरुवातीला ती पुसून निघते. उशीर झाला तर काचेवरचा लेप खाऊन टाकते, मग फोर्टातल्या बोरा बाजारातला निष्णात कारागीरही फक्त मान हलवतो.

काकांचा झेनिट, वडिलांचा यशिका, मामांचा पेन्टॅक्स के१०००: यांतले काही तुमच्या कपाटात असेल तर या पावसाळ्याआधी बाहेर काढा. लेन्स उतरवा, छिद्र पूर्ण उघडा, पाठीमागून टॉर्चचा उजेड टाका आणि काचेत पाहा. धागे नसतील, पाती मोकळी हलत असतील, तर माउंट ओळखा, त्याचे फ्लँज अंतर शोधा आणि तुमच्या कॅमेऱ्याचे अंतर त्यातून वजा करा. उत्तर शून्यापेक्षा ठळकपणे जास्त आले तर कडे मिळेल. ते लावल्यावर पहिला फोटो रात्रीच्या ताऱ्यांचा किंवा समोरच्या दूरच्या टेकडीचा काढा. अ‍ॅडॅप्टर खरा की खोटा, ते तिथेच समजेल.